रोबोट येऊ द्या, पण आधी परफ्युजनिस्ट येऊ द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य
(मुक्काम : हिवाळी अधिवेशन, नागपूर)

विषय : शासकीय रुग्णालयातील रोबोटिक हृदयशस्त्रक्रिया आणि तिचा दरवर्षीचा खर्च

महोदय,

अधिवेशन आले की नागपूरच्या वाट्याला घोषणा येतात. हृदयशस्त्रक्रियेसाठी रोबोटची घोषणा कधी झालीच, तर आम्हाला आनंदच होईल. तरीही हे पत्र यंत्र मागण्यासाठी लिहिलेले नाही. कोटींचे यंत्र एका निविदेत येते. ते चालवायला लागणारी माणसे (हृदय-फुप्फुसाचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन सांभाळणारा परफ्युजनिस्ट त्यांतलाच) आणि दर महिन्याला संपणारी अवजारे त्या निविदेत नसतात, आणि मग झाकलेल्या यंत्रावर धूळ बसते.

फायदा नेमका कुणाला, ते आधी सांगतो. नेहमीच्या बायपासमध्ये छातीचे मधले हाड करवतीने उभे कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला 6 ते 8 आठवडे जातात, जड काम साधारण 3 महिने बंद. भंडारा-गडचिरोलीचा शेतकरी रोवणीच्या तोंडावर 3 महिने बसला की त्याचा हंगाम गेला. मधुमेह असेल तर हाडाची जखम चिघळण्याची भीती वेगळीच. रोबोटच्या पद्धतीत हाड शाबूत राहते. डाव्या बरगड्यांमधून तीन छोटी छिद्रे पाडतात, छातीच्या आतल्या भिंतीवरची लिमा ही धमनी सोडवून घेतात आणि मग 4-5 सेंटिमीटरच्या चिरेतून धडधडत्या हृदयावरच ती एलएडीला (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिनीला) 7-0 किंवा 8-0 च्या अतिशय बारीक धाग्याने जोडतात. यंत्र स्वतःहून टाकाही घालत नाही. कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-टेबलाशी, बसलेल्या सर्जनचा हात ते लहान आणि स्थिर करून आत पोचवते, एवढेच.

मर्यादाही सांगितलेल्या बऱ्या. तिन्ही रक्तवाहिन्या खराब असलेल्या बहुतेक रुग्णांना आजही हाड उघडूनच बायपास लागेल. काहींची एलएडी या मार्गाने जोडून उरलेल्या ठिकाणी स्टेंट बसवता येतो. हृदयाच्या पडद्यातले छिद्र आणि मायट्रल झडप हीही कामे रोबोटने होतात, पण आपल्याकडे संधिवाताच्या तापाने जाड झालेल्या, चुना साचलेल्या झडपा बऱ्याच असतात. त्या दुरुस्त होण्यापेक्षा बदलाव्याच लागतात. लहानपणी क्षयरोग होऊन फुप्फुस छातीला चिकटलेल्या माणसाच्या छातीत छिद्र पाडणेही धोक्याचे. म्हणजे योग्य रुग्ण निवडूनच घ्यावे लागतील आणि सुरुवातीला आकडे लहान दिसतील. त्या आकड्यांवरून विधानसभेत प्रश्न आला, तर उत्तर तयार ठेवा.

आता खर्चाचे. रोबोटच्या हातात बसणारी अवजारे 8 मिलिमीटर जाडीची, आतून बारीक तारांनी ओढली जाणारी असतात. प्रत्येकात चिप असते आणि ती वापर मोजते. अवजार आणि मॉडेल यांनुसार साधारण 10 ते 18 वापर झाले की यंत्र ते अवजार घेतच नाही, मग ते दिसायला कितीही चांगले असो. गणित सोपे आहे : वर्षाला 100 ऑपरेशने, दर ऑपरेशनला 3 अवजारे, म्हणजे 300 वापर. एका अवजाराचे 10 वापर धरले तर वर्षाला 30 अवजारे. शिवाय दर वेळी प्रत्येक हाताला नवे निर्जंतुक कव्हर. शिकाऊ सर्जनने सरावासाठी खरे अवजार वापरले की तोही वापर मोजला जातो, म्हणून सिम्युलेटर हवा. तो खरेदीच्या यादीतून पहिला कापला जातो. अनेक मॉडेलांची कॅमेऱ्याची दुर्बीण वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, तिला प्लाझ्मा स्टरिलायझर लागतो. तो सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, नसेल तर एका दिवशी दुसरी केस होणार नाही. साधा हिशेब आहे, पण तो खरेदीच्या फायलीत क्वचित दिसतो.

निविदेत आणखी एक प्रश्न विचारायला लावा. जनरल सर्जरी आणि युरोलॉजीला जे मॉडेल उत्तम, ते हृदयालाही पुरेल असे नाही. धडधडते हृदय एका जागी धरणारा स्टॅबिलायझर आणि झडपेच्या कामात हृदयाचा डावा वरचा कप्पा उघडा धरणारा रिट्रॅक्टर त्या मॉडेलवर बसतो का, भारतात मिळतो का, आणि किती वर्षे मिळेल, हे लेखी घ्या. यंत्र इतर विभागांनीही वापरावे, आमची हरकत नाही. फक्त हृदयासाठी आठवड्याचे दोन दिवस ठरलेले हवेत. महिन्यातून एकदा कन्सोलवर बसणाऱ्या टीमचा हात बसत नाही.

ऑपरेशनमध्ये काय बिघडते? या कामात भूलतज्ज्ञाची जबाबदारी सर्जनइतकीच आहे. डावे फुप्फुस बंद ठेवून एकाच फुप्फुसावर श्वास चालवावा लागतो. जागा व्हावी म्हणून छातीत कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 8 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. दाब वाढला की हृदय दबते आणि रक्तदाब झपकन उतरतो. गॅस बंद करून आधी कारण शोधायचे असते, औषधाची सिरिंज नंतर. विदर्भातल्या बारीक अंगाच्या रुग्णांत छातीतल्या छिद्रांमध्ये 8 सेंटिमीटर अंतर राखणेच कठीण जाते आणि बाहेर रोबोटचे हात एकमेकांवर आदळतात. डावा खांदा थोडा खाली सोडला नाही, तर एक हात तिथे अडतो. बऱ्याच यंत्रांत बोटांना स्पर्श कळत नाही, त्यामुळे धागा किती ताणला हे डोळ्यांनीच ठरवायचे. नवखा सर्जन तिथेच धागा तोडतो.

रक्तस्राव झालाच, तर एका मिनिटाच्या आत रोबोट रुग्णापासून दूर सरकला पाहिजे. त्यासाठी कोण कोणता हात सोडणार, अवजाराचा जबडा अडकला तर तो उघडण्याची किल्ली कुठल्या ट्रेमध्ये आहे, हाडाची करवत चार्ज आहे का, मशीनच्या नळ्या घालायला दोन्ही जांघा साफ करून झाकल्या आहेत का, हे सगळे आधी ठरलेले असावे. हार्ट-लंग मशीन प्राईम करून (नळ्यांत द्रव भरून तयार) शेजारी आणि परफ्युजनिस्ट खोलीत. फोनवर बोलावून येणारा परफ्युजनिस्ट उपयोगाचा नाही. महिन्यातून एकदा घड्याळ लावून याची रंगीत तालीम झाली पाहिजे.

झडपेच्या ऑपरेशनात पंपाच्या, म्हणजे हार्ट-लंग मशीनच्या, नळ्या जांघेतून घालतात. आधी सीटी अँजिओ करून महाधमनी आणि जांघेच्या वाहिन्या पाहिल्याच पाहिजेत, नाहीतर उलट्या प्रवाहाने महाधमनीचा थर फाटू शकतो. नळीखालच्या पायाला रक्त पोचवायला वेगळी बारीक नळी लागते. ती विसरली तर हृदय बरे होते आणि पाय जातो.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी पुण्या-मुंबईची नियमावली जशीच्या तशी उचलून भागणार नाही. विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. एका फुप्फुसावर ऑक्सिजन कमी पडणे, पंपावर शरीर थंड करणे, रक्तात आम्लता वाढणे आणि पायाचा रक्तप्रवाह रोखणे, ही चारही कारणे लाल पेशींना विळ्याचा आकार देणारी आहेत. सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी आणि संशय आल्यास एचपीएलसी ही खात्रीची चाचणी झाल्याशिवाय एकही रुग्ण टेबलवर जाऊ नये. एसएस (पूर्ण आजार असलेल्या) रुग्णात आधी रक्त बदलून एचबी-एस हे सदोष हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली आणायचे, शरीर थंड करायचे नाही आणि शक्यतो त्याला या मार्गाने न्यायचेच नाही. एएस (आजार नसलेल्या, पण दोष वाहणाऱ्या) वाहकांबाबत निर्णय भूलतज्ज्ञाचा असावा. चाचणी स्वस्त आहे. ती शासन निर्णयात लिहिलेली असावी, डॉक्टरांच्या आठवणीवर सोडू नये.

पैशांबद्दल थेट विचारतो. 2019 मध्ये विमा नियामकाने सांगितले की खासगी आरोग्य विम्यातून रोबोटिक शस्त्रक्रिया वगळता येणार नाही, मर्यादा घालता येईल. मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर येणाऱ्या रुग्णाच्या अवजारांचा खर्च कोणत्या हेडमधून येणार? रुग्णालयाच्या तुटपुंज्या औषध निधीतून आला, तर मार्चमध्ये केसेस बंद पडतील.

आमची विनंती अशी : यंत्राच्या आदेशाआधी, किमान त्याच दिवशी, तीन परफ्युजनिस्ट, दोन हृदय-भूलतज्ज्ञ आणि चार ओटी (ऑपरेशन थिएटर) परिचारिका यांची कायम पदे मंजूर करा आणि त्यांची 2 वर्षे बदली होणार नाही असे आदेशात लिहा. पहिली 25 ऑपरेशने फक्त रोबोटने लिमा सोडवण्याची असू द्या, झडपा नंतर. हाड उघडावे लागले, पुन्हा ओटीत न्यावे लागले किंवा रुग्ण दगावला, तर त्याची नोंद दर तिमाहीला सार्वजनिक करा. सुरुवातीला हाड उघडावे लागण्याचे प्रमाण जास्त असेल. त्याचा बाऊ करू नका, पण ते लपवूही नका.

आपले,
नागपुरातील हृदयशस्त्रक्रिया, भूल, परफ्युजन आणि ओटी नर्सिंगमध्ये काम करणारे काही जण