काकू, शेवटचा हप्ता भरला

ऐरोलीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना,

साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी पतसंस्थेत ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाचा चोविसावा हप्ता भरला आणि 'येणे बाकी नाही' असा दाखला घेऊन बाहेर पडलो. जिना उतरता उतरता पहिला फोन तुम्हाला लावला. तुम्ही म्हणालात, "झेरॉक्स काढून ठेव, शाई उडते," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलात. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहू का, असं नंतर विचारलं तेव्हा म्हणालात, "माझं नाव घालू नकोस. हिशेब मात्र सगळा घाल." माझ्यासारखी मुलं मला हेच विचारतात, पैसे कसे उभे केलेस? त्यांच्यासाठी हिशेब आणि तुमच्यासाठी आभार, दोन्ही इथेच लिहितो.

नोव्हेंबर २०२२ मधली ती संध्याकाळ. मी जिन्यात उभा राहून एका लोन ॲपवाल्याशी फोनवर बोलत होतो. तुम्ही दार उघडून आत बोलावलंत आणि एवढंच विचारलंत, "व्याज किती?" मला सांगता आलं नाही. आधी घेतलेल्या पंधरा हजारांचंही सांगता आलं नाही. तुम्ही कपाटातून ती लांबट वही काढलीत. पतसंस्थेत जन्मभर खतावणी लिहिलेला तुमचा हात. कोरं पान उघडून वर लिहिलंत, 'ऑपरेशन'. मग विचारलंत, "कसलं?"

मी सांगितलं. मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेला पुरुष, छातीची म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया करायची आहे, हॉस्पिटलने दोन लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट दिलंय. तुमचा पेन थांबला नाही. २,४०,००० लिहून तुम्ही म्हणालात, "यात भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी धरलीय का?"

काकू, त्या एका प्रश्नाने माझ्या छातीवरचं ओझं किती हललं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तोवर ज्या ज्या मोठ्या माणसाला सांगितलं त्याने 'गरज काय' असं विचारलं होतं. घराचं डिपॉझिट, मुलीचं लग्न, बायपास, असे खर्च तुम्ही आयुष्यभर लोकांना मांडून दिलेत. माझाही तसाच मांडलात.

त्या पानावर मी विसरलेलं किती तरी निघालं. मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं, रक्ताच्या तपासण्या आणि हार्मोनच्या डॉक्टरांची फी मिळून १४,०००. नंतर घालायचं घट्ट जाकीट, औषधं, ड्रेसिंग ११,०००. रिक्षा-टॅक्सी ५,०००, कारण टाके ओले असताना ट्रान्स हार्बरच्या लोकलच्या गर्दीत चढू देणार नाही असं तुम्ही तेव्हाच बजावलंत. एक महिन्याची बिनपगारी रजा ३२,०००. आणि 'अडीनडीला' म्हणून १५,०००. बेरीज ३,१७,०००. रजेचा बुडालेला पगार हाही खर्चच असतो, हे मला तुम्ही शिकवलंत. हॉस्पिटलचा आकडा म्हणजे सगळा खर्च असं समजून लोक कर्ज काढतात आणि दुसऱ्याच महिन्यात भाडं थकतं.

मग दुसरी बाजू. आधी ॲपचं कर्ज फेडायला लावलंत, त्याशिवाय तुम्ही पुढचं बोलायला तयार नव्हतात.

माझी स्वतःची आरोग्य पॉलिसी तुम्ही भिंग घेऊन वाचलीत. 'एक्सक्लूजन ०७', लिंगबदलाचे उपचार वगळले आहेत. मी चिडलो होतो. तुम्ही म्हणालात, हे कलम विमा नियामकाने ठरवून दिलेल्या ठरावीक शब्दांतलं आहे, त्यामुळे एका कंपनीशी भांडून उपयोग नाही. पण ऑफिसची ग्रुप पॉलिसी असते तिच्यात मालक जादा हप्ता मोजून असं कलम उघडून घेऊ शकतो. मी एचआरला मेल लिहिला, तुम्ही त्यातली विनवणीची तीन वाक्यं खोडलीत. एप्रिलमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण झालं तेव्हा एक लाखाच्या मर्यादेत माझं ऑपरेशन त्यात आलं. त्यासाठी पाच महिने थांबलो. बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट ठेवणारा घट्ट कपडा, घालून तो उन्हाळा काढणं सोपं नव्हतं. थांबायचं की नाही हे तुम्ही माझ्यावर सोडलंत, याबद्दलही आभार.

मला गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यायची घाई झाली होती. तुम्ही म्हणालात, आधार, बँक, पीएफ आणि पॉलिसी, चारही ठिकाणी एकच नाव आहे तोवर क्लेम सुटेल. अर्धं जुनं अर्धं नवं झालं की अडकेल. ऑपरेशनच्या दिवशी मनगटावरच्या पट्टीवर जुनं नाव होतं. ते सोसलं. क्लेम विनातक्रार पास झाला.

पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम मिळते, मोठी शस्त्रक्रिया त्यात बसते, तेव्हाच्या नियमाने त्यासाठी नोकरीची ठरावीक वर्षं भरावी लागत नव्हती आणि ती परत फेडायची नसते, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या वाट्यातून ४५,००० आले. माझी शिल्लक ७०,०००.

सरकारी वाट तुम्ही सोडली नाहीत. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात या शस्त्रक्रियेचा आणि हार्मोन उपचारांचा खर्च भागवणारा विमा सरकारने द्यावा असं लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये 'आयुष्मान भारत टीजी प्लस' या तृतीयपंथीयांसाठीच्या आरोग्य विमा योजनेचा करारही झाला होता, माणशी वर्षाला पाच लाखांचा. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं तृतीयपंथी असल्याचं ओळख प्रमाणपत्र लागायचं, आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात. तेव्हा राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, एवढंच होतं, शरीराची तपासणी कुठेही नव्हती. चौकशीला तुम्ही माझ्याबरोबर ठाण्याच्या कोर्ट नाक्यापर्यंत आलात, गुडघे दुखत असताना. येताना मिसळ खाल्ली. प्रमाणपत्र मिळालं, पण त्या वर्षी ज्या ज्या हॉस्पिटलात विचारलं तिथे ही योजना प्रत्यक्षात सुरू नव्हती. मला त्याचा राग आजही आहे. माझ्याकडे सॅलरी स्लिप होती, पीएफ होता, एचआर होतं. कळव्यात, दिव्यात राहणाऱ्या ज्या तृतीयपंथी बहिणींकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठीच ती योजना होती. तरी प्रमाणपत्र आधी काढून ठेवावं असंच मी सांगतो. शस्त्रक्रियेनंतर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद असलेलं सुधारित प्रमाणपत्र मागता येतं, त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि हॉस्पिटलचा दाखला जपून ठेवावा.

सरकारी रुग्णालयांचाही विचार झाला. २०१८ साली बीडचे पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे यांची लिंगबदलाची शस्त्रक्रिया मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात झाली होती, ती बातमी तुम्हाला आठवत होती. "रजेसाठी बिचाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली," असं म्हणून तुम्ही मला रजेचा अर्ज त्याच रात्री लिहायला बसवलंत.

उरले कर्जाचे ९०,०००. त्या दिवसाबद्दल खरं तर हे पत्र आहे.

पतसंस्थेच्या काउंटरवरच्या माणसाने माझं आधार कार्ड पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला, मग पुन्हा कार्ड. मागे रांग होती. माझ्या कानशिलापर्यंत घाम आला. त्याने विचारलं, "ही व्यक्ती कोण?" जामीनदाराच्या रकान्यात सही करता करता, मान वर न करता तुम्ही म्हणालात, "माझ्या शेजारचा मुलगा आहे. चांगला ओळखते त्याला. कर्जाचं कारण वैद्यकीय लिहा."

शेजारचा. त्याला. तोवर 'आला' की 'आली' म्हणायला नको म्हणून तुम्ही मला 'बाळा' म्हणत क्रियापद चुकवायचात, मला ते कळायचं. त्या दिवशी चार माणसांत, सरकारी कागदासमोर, स्वतःच्या सहीच्या जोरावर तुम्ही ते म्हणालात. महिन्याला ४,२३७ रुपयांचा तो हप्ता मी एकदाही चुकवला नाही, कारण त्या कागदावर तुमची सही होती.

तरी १२,००० कमी पडत होते. तुमच्या बारा जणींच्या भिशीचा जूनचा नंबर तुमचा होता. तुम्हाला मिक्सर आणि गॅसची नवी शेगडी घ्यायची होती. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणालात, महिन्याला हजार दे, तेवढंच. शेगडी पुढच्या वर्षी आली. तोवर तुम्ही एकाच बर्नरवर स्वयंपाक केलात, ते मला काकांकडून कळलं.

आणि आईच्या पाटल्या. तिने त्या गावाहून रुमालात बांधून आणल्या, मला न विचारता. सोनेतारण करून पाऊण किमतीपर्यंत कर्ज मिळालं असतं, माझा मोह झालाच होता. तुम्ही आईला बसवून चहा दिलात आणि म्हणालात, "या पाटल्या म्हणजे शेवटचं पान. काही गुंतागुंत झाली तरच. नाहीतर या तुमच्या हातातच हव्यात." ऑपरेशन व्यवस्थित झालं. ड्रेनच्या नळ्या आठवड्याने निघाल्या, पाटल्यांना हात लावावा लागला नाही. त्या चहानंतर आई माझ्याशी ऑपरेशनबद्दल पहिल्यांदा बोलली. तुम्ही तिला काय सांगितलंत ते ती अजून सांगत नाही.

येत्या रविवारी आई येतेय. पाटल्या घालून येणार आहे. दाखल्याची झेरॉक्स काढलीय, ती आणि वही घेऊन संध्याकाळी तुमच्याकडे येतो. 'ऑपरेशन'च्या पानाखाली 'निरंक' तुमच्याच अक्षरात हवं.

तुमच्या शेजारचा मुलगा