येळ्ळूरचा उच्चार संगणकाला शिकवा

महोदय,

मी दृष्टिहीन आहे. इंग्रजी कागदपत्रे संगणकाकडून वाचून घेतो. येळ्ळूर, हलशी, नंदगड ही आमच्याकडच्या गावांची नावे आली की ओळखूच येत नाहीत. वाचणारी प्रणाली बहुधा आधी उच्चारकोश, म्हणजे शब्दांच्या उच्चारांची यादी, पाहते; शब्द तिथे नसला की स्पेलिंगवरून अंदाज बांधते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या खुल्या इंग्रजी उच्चारकोशात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत, पण उच्चार उत्तर अमेरिकी, ध्वनी ३९ आणि त्यांत ‘ळ’ नाहीच! एनव्हीडीए या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या मोफत प्रणालीत मात्र आपले उच्चार आपल्याला भरता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या महाविद्यालयांनी गावांच्या, आडनावांच्या उच्चारांची अशी यादी करावी. मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांनी शेजारी बसून. ऐकून तपासायला मी येईन.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)