बाबांची हजारावी पौर्णिमा आमच्या वन बीएचकेमध्ये

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. मागच्या वेळी माझ्या ऑपरेशनचं गाळलंत आणि मग तिला ते वाडीतून कळलं. प्रिंट मुद्दाम मोठ्या अक्षरात काढलीय, चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

फोनवर बोलता आलं असतं पण फोनवर आई नुसती हो हो करते आणि तुम्ही "बघू" म्हणून ठेवून देता. शिवाय खरं सांगायचं तर समोरासमोर बोलायची हिंमत झाली नाही. गणपतीत सहा दिवस होते तिकडे, रोज रात्री ठरवत होते आज सांगायचं, आणि रोज तुम्ही अंगणात उभे राहून मला दाखवत होतात की मांडव इथून इथपर्यंत घालायचा, चूल फणसाखाली. मी मान हलवत होते. तेव्हा माझ्या पर्समध्ये तुमच्या दोघांच्या गाडीच्या तिकिटाची प्रिंट होती.

तर आता एकदाच सांगते. तुमचं सहस्रचंद्रदर्शन आमच्याकडे डोंबिवलीला करायचं ठरवलंय. २५ ऑक्टोबर, रविवार, कोजागिरी. आई, पितृपक्षात असलं काही बोलू नये हे मला माहितीय, पण मी बोलत नाहीये, लिहितेय.

रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तारीख कशी काढली ते सांगते. शाळेच्या दाखल्यावर तुमचा जन्म १ जूनचा, तो मास्तरांनी लावलेला, अर्ध्या वाडीचा वाढदिवस १ जूनला असतो. पण आजी नेहमी म्हणायची की १९४५ ची दत्तजयंती, त्याच्या आदल्या रात्रीचा तू. म्हणून धाकटी कॅल्क्युलेटर घेऊन बसली. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं, हजार पौर्णिमांचे होतात २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि दहा महिने. त्या दत्तजयंतीची पौर्णिमा तिने धरली नाही, म्हणाली एक दिवसाचे आजोबा बाळंतिणीच्या खोलीत, त्यांना चंद्र कोण दाखवणार. तिथून पुढे मोजलं तर हजारावी पौर्णिमा येते ती बरोबर यंदाची कोजागिरी. मी दोनदा तपासून घेतलं. गुरुजींनाही विचारलं, ते म्हणाले एक्क्याऐंशीवं लागलं की कधीही करा, पण असा योग असेल तर सोडू नका. (पावसाळ्यातल्या ढगात गेलेल्या पौर्णिमा वजा केल्या तर तुम्हाला अजून पंचवीसेक वर्षं थांबावं लागेल, असंही धाकटी म्हणाली. थांबा की.)

आता गावी का नाही. एक तर त्या दिवसांत भातकापणी, वाडीतलं कोण मोकळं असतं? लोक येतील, तुमच्या शब्दाखातर येतील, पण जीव शेतात. दुसरं म्हणजे होम. आई, तुझी होमाची इच्छा मला ठाऊक आहे, पण बाबांची छाती बघ. वीस वर्षं गिरणीत साच्यावरचा कापूस ओढलाय त्यांनी, साधी अगरबत्ती लावली तरी खोकला थांबत नाही, आणि तू त्यांना तास दीड तास धुरासमोर बसवणार? तिसरं कारण तुम्हाला पटणार नाही म्हणून ते सोडते. चौथं हेच खरं कारण आहे.

बाबा, तुमची माणसं इथे आहेत. गिरणीतली, भजनातली. मी गेले दोन महिने एकेकाला शोधतेय. पेटीवाले काका नालासोपाऱ्याला मुलाकडे, पखवाजवाले बदलापूरला, तुमचे जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, कळव्याला, सातारकर काका अजून परळलाच. विरारच्या काकांचं तुम्हाला कळलंच असेल, त्यांच्या काकू येणार आहेत. तुमच्या खात्यातले आणि मंडळातले मिळून नऊ जण उरलेत बाबा, त्यातले सात जण लोकल धरून डोंबिवलीला येऊ शकतात. आपल्या गावी यातला एकही येऊ शकत नाही. सातारकर काका फोनवर एवढंच म्हणाले, "पोरी, त्याला बोलीव, मला आता जिना उतरवतो पण घाट उतरवत नाही." त्यानंतर मी मांडवाचा विचारच सोडून दिला. गावच्या मांडवात दोनशे पानं उठली असती आणि त्यात तुमच्या बरोबरीचं कोणी नसतं.

दादाकडे का नाही हे विचारू नका. जागा मोठी आहे, मान्य आहे. मागच्या वेळेचं मी उकरून काढत नाही. तो आणि वहिनी शनिवारीच इकडे येणार आहेत, खुर्च्यांचं आणि आचाऱ्याचं त्याने स्वतःहून अंगावर घेतलंय, त्याला नावं ठेवू नका.

आता आई म्हणेल, लेकीच्या दारात कशाला, जावयाला काय वाटेल. जावयाला काय वाटतं ते ऐक. जावयाने परवा हॉलमधला सोफा विकला. खरंच विकला, माझ्याशी भांडून. म्हणाले तसाही जुना झाला होता, आता बाबांच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने जागा तरी होईल. आम्ही सध्या चटईवर बसून टीव्ही बघतोय. तेव्हा हा विषय बंद.

आणि जागेचं मला कोणी सांगू नका. चारशे दहा स्क्वेअर फूट कार्पेट आहे हो. चाळीतली आपली खोली दहा बाय बाराची होती, त्यात मोरी आणि पोटमाळा. तिथे आत्याचा साखरपुडा झाला की नाही? खाट उचलून गॅलरीत, व्याही आपल्या खोलीत, बायका शेजारच्या, पानं त्याच्या पलीकडच्या आणि आचारी जिन्याखाली. सगळ्या मजल्याचे पाट आणि ताटं आली होती आणि दुसऱ्या दिवशी आई तू भांड्यांवरची नावं माझ्याकडून वाचून घेऊन घरोघरी परत केलीस, एक वाटी जास्तीची निघाली ती अजून तुझ्याकडे आहे, त्यावर "वि.पां." लिहिलंय आणि वि.पां. कोण ते आजपर्यंत कळलं नाही. बाबा तर सांगायचे, लग्नाआधी गावकीच्या खोलीत वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठून कामावर गेला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा.

म्हणून मी जेवणाच्या पंगती नाही, पाळ्या लावल्यात. एक्केचाळीस माणसं, तीन पाळ्या, एकेका पाळीत तेरा-चौदा. पहिली पाळी साडेअकराला, तुमची गिरणीवाली सगळी मंडळी आणि मधोमध तुम्ही. खाली बसायचं नाही, कोणाचेच गुडघे तसे राहिलेले नाहीत, मंडपवाल्याकडून फोल्डिंगच्या खुर्च्या आणि लांब टेबलं येणार. जेवण झालेल्यांनी शेजाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये लवंडायचं, त्यांनी दोन्ही खोल्या आपल्याला दिल्यात, त्यांच्याकडेही कमोड आहे. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, वरणभात, तांदळाची खीर. वडे आमच्या पोळीभाजीवाल्या ताई करणार, त्या मालवणकडच्या आहेत, तेव्हा आई, पिठात मेथी किती घालायची ते त्यांना शिकवायला जाऊ नकोस.

औक्षण संध्याकाळी दिवे लागणीला, घरातच. कणकेचे ८१ दिवे, तीन परातींत सत्तावीस-सत्तावीस. एका परातीत घालून बघितले, मावत नाहीत, आणि मावले तरी उचलणार कोण. पंखा बंद करावा लागेल म्हणून तेवढा वेळ फक्त घरचीच माणसं आत, बाकीचे आधीच गच्चीवर. पाच सुवासिनी, पाच मिनिटं, झालं.

मग गच्ची. ही आमची खरी जागा. सेक्रेटरींना अर्ज दिलाय, स्पीकर नाही लावणार म्हटल्यावर त्यांनी लगेच सही केली, आणि म्हणाले मीही येतो, माझे वडीलही गिरणीत होते. चंद्र सहाच्या आधीच उगवतो पण समोर टॉवर उभा राहिलाय, आमच्या गच्चीवर तो साडेसातला येतो. मागच्या पौर्णिमेला मी खुर्ची टाकून बघून आले, टाकीच्या डाव्या बाजूने वर येतो. बरोबर तिथेच सतरंजी घालायची. दहा लिटर दूध आटवणार, केशर वेलची चारोळी, आणि बाबांचं बिनसाखरेचं वेगळ्या थर्मासमध्ये, त्याला लाल रबरबँड लावलेला असेल. दुसऱ्या कोणाच्या पेल्यातलं "नुसतं चाखायला" म्हणून घेतलंत तर मी सगळ्यांसमोर ओरडेन.

लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत आहे, पुढे गच्चीला वीस पायऱ्या. दहाव्या पायरीवर स्टूल ठेवणार आहे, तिथे दम खायचा. नाही जमलं तर दोन पोरं खुर्चीतून वर नेतील. आत्ताच तोंड वाकडं करू नका. पेटीवाल्या काकांनाही खुर्चीतूनच न्यायचंय, ते तयार आहेत, त्यांना तर मजा वाटतेय.

बाबा, एक गोष्ट लिहू का? गिरणी संपाच्या वर्षी माझा आठवा वाढदिवस. आईने शिरा केला होता, रवा कोणाकडून आणला होता ते मला नंतर कळलं. मजल्यावरची सगळी पोरं आत, दाटीवाटीने, आणि तुम्ही कुठे दिसेनात. मी विचारलं तर आई म्हणाली, जागा नाही ना, म्हणून बाहेर थांबलेत. मग खिडकीच्या गजातून तुमचा हात आत आला, मुठीत लिमलेटच्या गोळ्या, मोजून प्रत्येकाला एक. नुसता हात. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा होता, घड्याळ नव्हतं. किती वर्षं मला खरंच वाटायचं की जागा नव्हती म्हणून. तेव्हा यंदा जागा नसली तर बाकीचे गॅलरीत थांबतील, तुम्ही आत बसायचं.

बरं, आता सूचना.

२२ तारखेची मांडवी एक्सप्रेस आहे, गुरुवार, चिपळूणहून दोघांना खालचे बर्थ मिळालेत. दसरा गावी करूनच निघा, म्हणून तर २० च्या पुढची तारीख बघितली. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं म्हणून ऑगस्टमध्येच काढून ठेवली, गुन्हा कबूल. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे किती पडले ते विचारू नका आणि पैसे पाठवू नका. ठाण्याला उतरायचं, पनवेलला नाही. पनवेलला दादा घ्यायला येईल वगैरे आपापसात ठरवू नका. जावई ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर असतील. दारात उभं राहायचं नाही बाबा, मांडवीत खायला चांगलं मिळतं हे खरंय पण म्हणून प्रत्येक स्टेशनला वडा नाही.

आई, नवरात्रात नऊ दिवस उपास करून प्रवासाला निघालीस तर मला चालणार नाही. उठता बसता धर. गोळ्या महिन्याच्या घे, दोन दिवसांच्या नकोत, डॉक्टरांची फाईल पिशवीत तळाला नको, वर. नारळ आणू नकोस. तांदूळ आणू नकोस, उकडा इथे कोपऱ्यावर मिळतो. कोकम आण, थोडं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, खाली जाळीची मॅट आहे, गीझर चालू कसा करायचा ते धाकटी दाखवेल. बेडरूम तुमची, आम्ही हॉलमध्ये, सोफा गेल्यामुळे हॉल आता मैदान झालंय. पहाटेचा चहा तुझा तूच कर, आल्याचा डबा गॅसच्या उजवीकडे, कोणी उठण्याची वाट बघत अंधारात बसून राहू नकोस, मागच्या वेळी बसली होतीस आणि मला इतकं वाईट वाटलं होतं.

होम राहतोय असं मनात आणू नका. दत्तजयंतीला आपल्या देवळासमोर उघड्यावर करू, बाबा लांब बसतील, दादा यजमान, आणि वाडीला जेवण त्याच दिवशी. तोवर भात घरात आलेलं असेल, सगळे मोकळे. वाडीत तुम्ही आधीच सांगून बसलात हे मला माहितीय. त्यांना सांगा की पोरीने हट्ट केला. माझ्या नावावर घाला, मला तिकडे तसंही हट्टीच म्हणतात.

आहेर घेणार नाही असं सगळ्यांना कळवलंय. तुमच्या मित्रांनी मात्र न विचारता वर्गणी काढून काहीतरी आणायचं ठरवलंय, मी ओळखलंय काय ते, तुम्ही आश्चर्य वाटल्यासारखं करा.

आणि टाळ आणा. लाकडी पेटीत, धोतराच्या खाली, लाल दोरीचे. पखवाज बदलापूरहून येतोय, पेटी नालासोपाऱ्याहून, टाळ तेवढे तुमच्याकडे आहेत असं सातारकर काका म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांना ते लक्षात आहे. दोन्ही जोड आणा.

तुमची,
बेबी

ता. क. पाऊस आला तर गच्चीवर ताडपत्री टाकणार, मंडपवाल्याला सांगून ठेवलंय. चंद्र नाही दिसला तर धाकटी म्हणते पुढच्या पौर्णिमेपर्यंत आजोबांना इथेच ठेवून घेऊ. आई, त्या हिशोबाने दोन लुगडी जास्त घे.