सोमवारी सुट्टी असणाऱ्यांनी मुलांना न्यायचं कुठे?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीचा हंगाम आला की आपल्या पुरवणीत ‘सहकुटुंब एक दिवसाची सहल’ अशी पानं येतात. माझ्या सलूनमध्ये ती पानं सगळ्यात जास्त चाळली जातात, कधीकधी तर अर्धी फाडून नेलेली असतात. मीही ती वाचतो. त्यात ठिकाण असतं, गाडी कुठे बदलायची ते असतं, जेवण कुठे चांगलं मिळतं तेही असतं. ही सहल रविवारी निघणार, हे मात्र कुणी लिहीत नाही. ते धरूनच चाललेलं असतं.

डोंबिवली पूर्वेला माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. आमचा रविवार सकाळी सातला शटर वर गेल्यापासून दुपारी तीनपर्यंत पाठ टेकू देत नाही. बाप मुलाला घेऊन येतो, दोघांचे केस एकदमच होतात, आणि कात्री चालू असताना ऐकू येतं, “दादा, जरा आटपा, पोरं गाडीत बसलीत, अलिबागला निघायचंय.” मी आटपतो. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी कितीतरी माणसं अजूनही केसांना कात्री लावून घेत नाहीत, त्यात संकष्टी आली, अमावस्या आली की तो दिवसही गेला. म्हणजे धंद्याचा खरा दिवस एकच, रविवार. आणि सुट्टीचा सोमवार, कारण सोमवारी सगळा डोंबिवली बाजारच बंद.

कुणी म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी बंद ठेवा की. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवायला मुभा दिली आहे, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. खरं आहे. पण माझ्याकडे कारागीर एकच, आणि रविवार सोडला तर महिन्याचं भाडं कुठून काढायचं? सोमवार आमच्या धंद्याने ठरवलेला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढे आहे.

वर्षभर सोमवारी मुलांची शाळा. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. उरली मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी. मे ते जूनच्या मध्यापर्यंत सोमवार येतात सहा. त्यातले तीन गावाकडे जातात, माण तालुक्यात आमचं घर आहे, आईला तिथे गेल्याशिवाय उन्हाळा झाल्यासारखा वाटत नाही. राहिले तीन. या तीन सोमवारी मुंबईत मुलांना काय दाखवायचं ते ठरवायला बसलो की यादीवर फुल्या पडायला लागतात. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद. कान्हेरीची लेणी त्या पार्काच्या आतच, म्हणून तीही बंद. शंभराच्या वर लेणी एका डोंगरात खोदलेली, आत पाण्याची टाकी, बसायचे दगडी ओटे, आणि मुलीला बौद्ध लेणी दाखवायची माझी इच्छा. घारापुरी सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण, तेही सोमवारीच बंद.

गेल्या मे महिन्यात आम्ही म्युझियम बघायला निघालो होतो, म्हणून आधी गेटवेवर जरा वारा खायला थांबलो. तिथे एक कुटुंब लाँचच्या तिकिटाच्या टपरीपुढे उभं होतं. बोलण्यावरून विदर्भातलं असावं. टोपी घातलेले आजोबा, दोन जावा, चार पोरं, आणि एका पिशवीतून भाकरीच्या फडक्याची गाठ बाहेर डोकावत होती. टपरीवाला समजावत होता, “काका, घारापुरी आज बंद. हार्बर राउंड घ्या, अर्ध्या तासात परत.” आजोबांचा प्रश्न एकच होता, “उद्या?” उद्या सुरू, टपरीवाला म्हणाला. पण उद्या सकाळी त्यांची गाडी होती. दोन्ही जावांनी एकमेकींकडे बघितलं, मग सगळे हार्बर राउंडच्या लाँचमध्ये चढले. घारापुरीची त्रिमूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे. १९८७ पासून तिथली लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना त्याऐवजी बंदरात एक चक्कर मिळाली. माझ्या मुलीने विचारलं, “बाबा, लेणीला कसली सुट्टी?” तिला सांगितलं, लेणीला नाही, तिथल्या माणसांना. त्यांना सुट्टी हवीच. मीही हक्काने घेतो.

पण सगळ्यांनी एकाच वारी का? रविवारी गर्दी होते, सोमवारी झाडलोट आणि दुरुस्ती करायची, असा त्यामागचा हिशोब असणार. नॅशनल पार्कबद्दल मी हट्ट धरणार नाही, तिथल्या प्राण्यांना माणसांपासून एक दिवस सुटका हवी आणि ती रविवारच्या दुसऱ्या दिवशी मिळावी हे पटतं. तारांगणातल्या ग्रहांना मात्र मंगळवारही चालेल. आणि सोय करायची म्हटली तर होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही लेणी केंद्राच्या एकाच पुरातत्त्व खात्याकडे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला कुठल्याही वारी उतरा, दोन्हींतलं एक तरी उघडं सापडतंच. घारापुरीही त्याच खात्याकडे आहे. मुंबईसाठी असा विचार का होऊ नये?

राणीच्या बागेचं मला त्यासाठी कौतुक आहे. तिची सुट्टी बुधवारी. बुधवारी सणाची सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात. म्हणजे सुट्टी सरकवता येते, कुणाचं काही बिघडत नाही. आम्ही गेलो तेव्हा आई-बाप आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून शंभर रुपये तिकीट होतं. एवढ्यात आज दोन वडापाव आणि दोन चहाच्या पलीकडे काय येतं? मुलं पेंग्विनच्या काचेला नाक लावून उभी, तिथला गारवा सोडून बाहेर यायला तयार नाहीत. आमची आई मात्र पेंग्विन बघून दोन मिनिटांत बाहेर आली आणि मोठमोठ्या जुन्या झाडांखाली बाक शोधून बसली. तिचं मत असं की बाग बघायला यायचं ते झाडांसाठी, जनावरं गावाला पुष्कळ आहेत.

सोमवारी उघडी असलेली ठिकाणं आणखीही आहेत, आणि माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडावीत म्हणून इथेच लिहितो. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र होळी-दिवाळी सोडली तर रोज उघडं. माझा मुलगा तिथल्या वाकड्या आरशांपुढून हलत नव्हता. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही सोमवारी चालू असतं. आवारात गोरखचिंचेचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला मिठी मारायला चार पोरं लागतील. आत शिरल्यावर मुलं आधी भुसा भरलेल्या प्राण्यांकडे पळतात, मोठ्यांनी लघुचित्रांच्या दालनात निवांत थांबावं. सोमवारी गर्दी नसते, चित्राच्या अगदी जवळ जाऊन उंदराच्या शेपटीच्या केसाएवढी रेघ बघता येते. माझ्या हातात दिवसभर वस्तरा असतो, बारीक काम करणाऱ्याच्या हाताची मला पारख आहे. बायको पुढच्या दालनातून परत बोलवायला आली तरी मी तिथेच होतो.

जाणं-येणं हा सोमवारचा दुसरा त्रास. सकाळी आठला डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पोरं, डबे आणि म्हातारी आई घेऊन चढून दाखवा. साडेदहाच्या आधी निघण्यात अर्थ नाही आणि संध्याकाळी पाचच्या आत परतीची गाडी धरली नाही तर आठ-साडेआठपर्यंत तिकडेच टेकावं लागतं. दिवस पाच तासांचा होतो. रविवारवाल्यांना मेगाब्लॉक असतो, तेव्हा त्यांचा हेवा करायलाही फार जागा नाही.

म्हणून आम्ही अलीकडे उलट्या दिशेला तोंड फिरवलं आहे. सोमवारी सकाळी कर्जतकडे जाणारी लोकल धरली की खिडकी मिळते, चौघांना चार खिडक्या मागितल्या तरी मिळतील. नेरळला उतरायचं, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत चढायचं. माथेरानला वार नाही. पुढे मोटारगाडी नाही, त्यामुळे मुलांचा हात सोडता येतो, हे शहरातल्या आईबापांना केवढं सुख आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. अमन लॉज स्टेशनापासून माथेरानची छोटी शटल गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर रुळाच्या कडेने लाल मातीतून चालत जायचं. रूळ दोनच फुटांच्या अंतराचे, ही गाडी १९०७ साली सुरू झाली आणि ती आदमजी पीरभॉय घराण्याने बांधली, हे मी मुलांना सांगितलं. त्यांचं लक्ष मात्र माकडाकडे. माकडाने आमच्या डोळ्यांदेखत एका बाईच्या हातातून कुरकुऱ्यांचं पाकीट घेतलं, दाताने वरची कड फाडली आणि कठड्यावर बसून एकेक करून खाल्लं, सांडलं काही नाही. खायचं पिशवीत आणि पिशवी पोटाशी, एवढं पाळलं की झालं. आईला चढ झेपत नाही, तिच्यासाठी ई-रिक्षा आहे. माणसाने माणसाला ओढायची ती हातरिक्षा बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, बरं केलं. त्यात बसायला आई कधीच तयार झाली नाही. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. सोमवारी शार्लोट तळ्याच्या काठावर आम्ही डबा उघडला तेव्हा पलीकडे एक जोडपं, आणखी कुणी नाही. जेवण झाल्यावर आई तिथेच पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली.

हा मार्ग मी दाखवतोय याचा अर्थ तक्रार मिटली असा होत नाही. मोठ्या माणसांच्या करमणुकीचं तर यापेक्षा वाईट आहे. मला आणि बायकोला नाटकाचा नाद. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर. चांगल्या नाटकांचे प्रयोग शनिवारी आणि रविवारी, त्यातही रविवारी दुपारी, म्हणजे मी घामाघूम होऊन दाढ्या करत असतो तेव्हा. बायको मैत्रिणीबरोबर जाऊन येते आणि रात्री मला जेवताना गोष्ट सांगते. शेवट सांगू नकोस म्हटलं तरी सांगते.

आणि हे काही एकट्या नाभिकांचं दुखणं नाही. डोंबिवलीतल्या कपड्यांच्या, भांड्यांच्या दुकानांत काम करणारी पोरंपोरी सोमवारीच मोकळी असतात. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. हॉटेलातला वेटर, हॉस्पिटलातली सिस्टर, सोसायटीचा वॉचमन, यांचा वार दर आठवड्याला बदलतो. तुमचा रविवार नीट पार पडावा म्हणून यांचा कामात जातो. या सगळ्यांनाही मुलं आहेत आणि मुलांच्या शाळेला सुट्टी पडते.

तेव्हा मागणं एवढंच. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तरी घारापुरी आणि तारांगण सोमवारी उघडं ठेवावं, कर्मचाऱ्यांना आळीपाळीने दुसरा वार द्यावा. दुकानांना जो नियम चालतो तो तिथे चालायला हरकत नसावी. ते होईपर्यंत कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद याची पाटी दादर, सीएसएमटी, ठाणे अशा स्टेशनांवर ठळक मराठीत लावावी, म्हणजे लांबून आलेलं माणूस निदान टपरीपाशी जाऊन तरी अडणार नाही. आपल्या पुरवणीनेही सहलीच्या प्रत्येक ठिकाणाखाली बंदचा वार छापावा. एक ओळ लागेल.

नाट्यनिर्मात्यांसाठी वेगळं सांगतो. सोमवारी दुपारी डोंबिवलीत एखादा प्रयोग लावून बघा. बाजार बंद असतो, माणसं घरी असतात, जेवण झाल्यावर काय करायचं हा प्रश्न असतो. तिकिटं खपण्याची धास्ती असेल तर आमच्या गल्लीतली वीस-पंचवीस मी गळ्यात मारून देतो. जाहिरात लावायला माझ्या आरशाच्या वर जागा रिकामी आहे, आणि दाढीचा फेस लावलेलं गिऱ्हाईक ती वाचल्याशिवाय जागचं हलत नाही.

आपला,
एक सलूनचालक,
डोंबिवली (पूर्व)