वर्दळ नसलेला साकवही यादीत हवा

संपादक महोदय,

पावसाळ्याआधी धोकादायक पूल आणि साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) यांची यादी होते, ती मुख्यतः जुनी पडझड आणि वर्दळ पाहून. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला. तसला पूल कुणाच्याही नजरेत असतो. निसटतो तो दिवसाला चार रिक्षा जाणारा साकव, ज्यावाचून पलीकडच्या वाड्यांना दवाखाना गाठता येत नाही. जोडण्या दोनच, पण वाटा सगळ्या त्याच्यावरून. रस्त्यांचे जाळे मांडून केलेल्या गणितात (नेटवर्क) अशी वेगळी गाठ, म्हणजे जाळ्यातला बिंदू, शोधता येते.

वाड्या, तिठे, साकव, जेटी या गाठी. मधला रस्ता हा दुवा, आणि तो मोजायचा मिनिटांत. घाटात किलोमीटर फसवतात. प्रत्येक दोन गाठींमधली सर्वांत कमी वेळाची वाट कुठून जाते ते पाहा, आणि प्रत्येक गाठीवरून अशा किती वाटा जातात ते मोजा. हीच मोजणी झटपट करणाऱ्या, संगणकशास्त्रज्ञ ब्रँडेस यांच्या २००१ च्या रीतीने तालुक्याचे जाळे साध्या लॅपटॉपवर सुटते. आकडे नुसते उतरत्या क्रमाने लावले तर चिपळूण, खेड वर येणार. त्यासाठी संगणक कशाला? तितक्याच जोडण्यांच्या गाठींशी तुलना करा, तीही सरासरीने नको. दोन-चार अवाढव्य आकडे सरासरी आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) दोन्ही फुगवतात, त्याआड खरी गाठ लपते. त्या गटाच्या मध्यकापासूनचे (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) अंतर ०.६७४५ ने गुणून गटातल्या सगळ्या गाठींच्या अशा अंतरांच्या मध्यकाने भागा, ३.५ च्या वर गेलेली गाठ बाजूला काढा. मग ती जाळ्यातून वगळून पाहा: किती वाड्या तुटल्या, रुग्णालय किती मिनिटे लांबले?

घोळ होतो तो नकाशात. तालुक्याच्या हद्दीवर जाळे कापले की काठच्या गाठी खोट्याच बिनमहत्त्वाच्या दिसतात, म्हणून शेजारचे तालुके आणि कुंभार्ली घाट आत घ्या. रस्त्याच्या वळणावरचे बिंदू गाठी धरले गेले तर दोन जोडण्यांचा गट फुगून मध्यकच सरकतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीला रस्त्याचा वेग दिला तर दापोली-गुहागरची सगळी ये-जा तिकडे वळते. बोटीची वाट पाहण्याची मिनिटे धरा, आणि फेरी बंद असतानाचे गणित वेगळे करा.

साकवाचा दगड पक्का आहे का, हे यातून कळत नाही. आधी कुठे जाऊन पाहायचे, एवढेच कळते. पण राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. दोन्ही नोंदी एका नकाशावर आल्याशिवाय हे जाळे पुरे होत नाही. मे महिन्याच्या आढावा बैठकीआधी जिल्हाधिकारी कार्यालयाने त्या मागवून घ्याव्यात.

– एक वाचक, गुहागर