हजेरीपटाची आडवी बेरीज वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या हजेरीपटाला दोन बेरजा असतात. उभी बेरीज रोज होते, कारण पोषण आहाराचे तांदूळ तिच्यावर मोजायचे असतात. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. आडवी बेरीज, म्हणजे एकेका मुलाचे महिन्याचे हजर दिवस, महिनाअखेरीला होते आणि कॅटलॉगातच, म्हणजे हजेरीच्या वहीतच राहते. वर जाते ती सरासरी. मुलांच्या सततच्या गैरहजेरीचा प्रश्न या सरासरीखाली झाकला जातो.

हिशेब करून बघा. वर्गात ४० मुले, महिन्यात कामाचे २४ दिवस, म्हणजे ९६० हजेऱ्या. ९० टक्के उपस्थिती म्हणजे ९६ खाडे. हे खाडे चाळिसांत सारखे वाटले गेले तर काळजी नाही. पण ३२ मुले रोज येत असतील आणि ८ मुले बारा-बारा दिवस घरी असतील, तरीही आकडा ९० टक्केच येतो. त्या आठांची निम्मी शाळा बुडाली आणि कागदावर शाळा उत्तम! सलग महिनाभर न आलेले मूल शाळाबाह्य धरतात, त्याचा शोध तरी होतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारे मूल त्या व्याख्येत कधीच सापडत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवले आहेत. दहा टक्के दिवस बुडाले की मूल धोक्यात आहे असे मानावे. अमेरिकेत याच मापाने मोजतात. आपल्याकडे ते २० ते २२ दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. दोन दिवसांचे काय एवढे, असे घरीही वाटते आणि शाळेतही.

त्या दोन-चार दिवसांत काय होते, याचे एक उदाहरण. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चार दिवसांत शिकवून होते. तेवढेच चार दिवस चुकलेले मूल परत आले की ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिते. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले, सातातून दोन, पाचातून दोन. त्याच्या मते ते बरोबरच आहे. फळ्यापाशी चूक निघते, वर्ग हसतो आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखू लागते. एक खाडा पुढचा खाडा आणतो, तो असा. म्हणून परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभे करू नये. शेजारी नीट समजावणारा जोडीदार बसवावा आणि परिपाठानंतर वीस मिनिटे फक्त चुकलेल्या घटकासाठी ठेवावीत. उभे राहण्याची किंवा उठाबशांची शिक्षा कायद्याने बंद आहेच. ज्या दिवशी मूल आले, त्या दिवसाची शिक्षा त्याला देणे हे मुळातच उलटे आहे.

आता यादीचे काम. दर महिन्याच्या एक तारखेला आडवी बेरीज घेऊन तीन किंवा जास्त खाडे झालेल्या मुलांची नावे वेगळ्या वहीत उतरवावीत. कॅटलॉगमध्ये खाडाखोड चालत नाही, म्हणून वही वेगळी. गेल्या वर्षी ज्यांचे २० दिवस बुडाले, त्यांची नावे जूनमध्येच या वहीत यावीत, कारण बहुतेक वेळा मुले तीच असतात. नावापुढे तारीख, वार आणि कारणाचे एक अक्षर लिहावे: आजाराला आ, भावंड सांभाळायला भा, शेतकामाला शे, गावाला गेले तर गा. दोन महिन्यांत वही बोलू लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणाचे खाडे पडतात, दिवाळीनंतर कापूस वेचणीला कोण जाते, पावसात ओढा भरला की कोणत्या वस्तीची मुले एकदम अडकतात, हे डोळ्यांसमोर येते. ओढ्याचा उपाय शिक्षकाकडे नाही, तो ग्रामपंचायतीकडे आहे. पण तारखांसह कागद गेला तर ग्रामसभेत त्याला वजन येते.

फोन पहिल्याच दिवशी अकराच्या आत करावा. वडिलांचा मोबाइल त्यांच्याबरोबर शेतात जातो, म्हणून आजीचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर जूनमध्येच घेऊन ठेवावा. तिसऱ्या दिवशी घरी जावे, तेही संध्याकाळी साडेसहानंतर. दुपारी बाराला गेलेल्या शिक्षकाला कुलूप भेटते आणि अहवालात 'पालक उदासीन' असे लिहिले जाते. पहिला प्रश्न 'का नाही पाठवलं?' असा नको, 'लेकरू बरं आहे ना?' असा हवा. मग बेरीज सांगावी: 'ताई, जूनपासून हिचे चौदा दिवस गेलेत.' पालकांना सुटे दिवस आठवतात, बेरीज ठाऊक नसते. ती ऐकून बऱ्याच आया खरोखरच चमकतात.

सहावीपासून मुलींच्या बाबतीत एक कारण वहीत लिहिता येत नाही. पाळीचे दोन दिवस दर महिन्याला घरी राहिले की वर्षाचे वीस दिवस तिथेच गेले. स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, बादलीभर पाणी, झाकणाचा डबा आणि बाईंच्या कपाटात पॅड, एवढ्याने फरक पडतो. शाळेत बाई नसतील तर आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. बांधलेले पण कडी नसलेले स्वच्छतागृह मुली वापरत नाहीत. पाहणीच्या तक्त्यात मात्र ते 'उपलब्ध' असते.

बक्षिसांबद्दलही सांगायला हवे. शंभर टक्के उपस्थितीचा बिल्ला तापाने फणफणलेल्या मुलालाही शाळेत आणतो, आणि जूनमध्ये दोन दिवस चुकलेले मूल त्या शर्यतीतून वर्षभरासाठी बाद होते. ज्याचे गेल्या महिन्यात आठ खाडे होते आणि या महिन्यात तीन झाले, त्याचे नाव परिपाठाला घ्यावे. पैशाच्या आमिषाबद्दल एवढेच, की मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा दिवसाला एक रुपया हा दर १९९२ सालचा. वेचणीचा एक दिवस घरात त्याच्या कितीतरी पट आणतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट ऊसतोडीची. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, त्यामुळे मूल मागे ठेवायला कोणी नसले की तेही गाडीत बसते. फडात, म्हणजे उसाच्या शेतात, पहाटेच तोड सुरू होते आणि कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, तान्ह्या भावंडाला नऊ-दहा वर्षांची बहीण सांभाळते. हंगामी वसतिगृहाने मूल गावात राहू शकते, पण मंजुरी आणि जेवणाची सोय टोळी निघण्याआधी झाली तरच. दिवाळीनंतर मिळालेली मंजुरी रिकाम्या वस्तीला मिळते. म्हणून ऑगस्टमध्येच घरोघर विचारून यादी करावी: कोण जाणार, मागे आजी-आजोबा आहेत का, मूल राहायला तयार आहे का.

जे जाणारच, त्यांच्या शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायच्या कार्डावर, नुसते 'स्थलांतरित' लिहून भागत नाही. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव, तालुका, ऊसतोडीचा गट आणि मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्याचा, नंबर लिहावा. टोळी महिन्यात दोनदाही फड बदलते; पत्ता निरुपयोगी होतो, मुकादमाचा नंबर होत नाही. त्या नंबरावर टोळीचा ठिकाणा विचारून तिथल्या मुख्याध्यापकांना एक फोन गेला तर कार्डाचा उपयोग होतो. एरवी ते पत्र्याच्या पेटीत तसेच परत येते.

हे सगळे पोकळ ठरते ते खोट्या हजेरीने. पट घटला तर शिक्षकाचे पद जाईल ही भीती खरी आहे आणि त्यापायी न आलेले मूलही हजर लागते. म्हणून शिक्षण विभागाला विनंती, की केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सरासरीऐवजी प्रत्येक शाळेला एकच आकडा विचारा: दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिवस बुडालेली मुले किती? आणि तो आकडा मोठा सांगणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस देऊ नका, वसतिगृहाची मंजुरी आधी त्या शाळेला द्या. वर्षातली पहिली अशी यादी ३१ ऑगस्टपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीपुढे यायला हवी. दसऱ्याला त्यानंतर फार दिवस उरत नाहीत.

आपले,
मराठवाड्यातील ग्रामीण शाळांचे काही शिक्षक व केंद्रप्रमुख