हिचकॉकच्या पेठेतून

लेटनस्टोन, लंडन
१४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घर बदलल्याचे फोनवर सांगितलेच होते; वस्ती कोणती, हे मात्र मुद्दाम पत्रासाठी राखून ठेवले. ‘कोहरा’ हा सिनेमा पाहून आल्यावर आई आठवडाभर अंधाऱ्या माजघरात एकटी जात नव्हती, असे तुम्ही नेहमी सांगता. ज्या कादंबरीवर तो बेतला होता, तिच्यावरच १९४० साली ‘रिबेका’ काढणारा आल्फ्रेड हिचकॉक इथला, लेटनस्टोनचा. १३ ऑगस्ट १८९९ रोजी तो जिथे जन्मला, ते वडिलांचे भाजीचे दुकान पाडून आता तिथे पेट्रोल पंप झाला आहे. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात त्याच्या चित्रपटांतील प्रसंगांची रंगीत तुकड्यांत जडवलेली १७ भित्तिचित्रे आहेत. त्यांतल्या ‘सायको’च्या चित्रापुढून रोज सकाळी जाताना माझी पावले अजूनही थोडी भराभर पडतात.

लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवले आणि तिथे आपल्याला काही मिनिटे कोठडीत डांबले, ही गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला. ती इतकी बेतशीर आहे की मला तिचा थोडा संशयच येतो. आधी तारा-केबलच्या कारखान्यात नोकरी, मग इझलिंग्टनच्या स्टुडिओत मूकपटांत मधूनमधून दिसणाऱ्या मजकुराच्या पाट्या रंगवणे, असा तो पायरी पायरीने वर गेला.

पण आज लिहायला बसले ती त्याच्या बायकोसाठी. आल्मा रेव्हिल त्याच्याहून एकच दिवसाने लहान, म्हणजे आज तिचा वाढदिवस. तो पाट्या रंगवत होता तेव्हा ती संकलनात मुरलेली होती, आणि हुद्द्याने तिच्या वर जाईपर्यंत तिच्याशी बोलायचे धाडस त्याला झाले नाही, असे सांगतात. त्याने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या पूर्ण चित्रपटाची ती साहाय्यक होती. लग्न १९२६ च्या डिसेंबरात झाले. १९३९ मध्ये दोघे मुलीसह अमेरिकेला गेले. पुढे ‘सस्पिशन’ आणि ‘शॅडो ऑफ अ डाउट’ यांच्या पटकथाकारांत तिचे नाव लागले. पुष्कळदा तिचे नाव श्रेयनामावलीत नसे, संकलनाच्या खोलीत मात्र ती असे.

‘सायको’तला न्हाणीघरातला खून पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले, चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालून गेला. सगळे जुळवून झाल्यावर, इतक्या जाणत्या माणसांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट आल्माने पकडली : मेलेली नायिका किंचित हलते आहे. तेवढा तुकडा काढून टाकावा लागला. आमटीत मीठ कमी असल्याचे आई नुसत्या वासावरून ओळखते, त्याची मला इथे आठवण झाली.

‘रिबेका’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण दिग्दर्शनाचे त्याला पाच नामांकनांनंतरही कधीच मिळाले नाही. १९७९ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जीवनगौरव दिला, तेव्हा त्याने चारच जणांचे आभार मानायचे म्हटले : एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाकीण, आणि या चौघींचे नाव आल्मा रेव्हिल असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी एप्रिलात तो गेला.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे, मात्र न्हाणीघराचा मजकूर दिवसाउजेडी वाचावा.

आपली,
धाकटी